हळदीच्या पाण्यातला दोर

ती घटना आठवली की आजही सगळ्यात आधी आठवते ती त्या गावातली शांतता. नोकरीत मी दंगलीनंतरचे रस्ते पाहिले, सुरुंग फुटल्यानंतरचे रस्तेही पाहिले. पण भर दुपारी, माणसांनी भरलेल्या गावात जी शांतता मी ऐकली, तसली पुन्हा वाट्याला आली नाही आणि येऊही नये.

नव्वदच्या दशकातला हिवाळा होता. मी चंद्रपुरात ठाणेदार होतो. मूळचा साताऱ्याकडचा, त्यामुळे इथली बोली कानात बसायलाच मला बरेच दिवस लागले. त्या हिवाळ्यात शहरातल्या एका कॉलेजच्या मैदानावर मुलींची अखिल भारतीय बास्केटबॉल स्पर्धा भरली आणि बंदोबस्त माझ्याकडे आला. आमच्या ठाण्यात तोवर हा खेळ कोणी पाहिलेला नव्हता. "साहेब, टोपलीले बूडच नाई, मंग चेंडू टाकून फायदा काय?" असे माझ्या हवालदाराने पहिल्या सामन्याला विचारले. उपांत्य फेरी येईपर्यंत तोच गडी दोरीपलीकडून पंचाला नियम सांगायला लागला होता.

याला कारण आमच्या संघातली एक मुलगी. गोंडपिपरी तालुक्यातल्या नदीकाठच्या गावची, ढिवराची, म्हणजे मासेमाराची पोर. उंची जवळजवळ सहा फूट. वडील ती लहान असतानाच गेलेले, आई नदीत जाळे टाकून मासे धरायची आणि बाजारात नेऊन विकायची. ही पोर रिंगखाली हात वर करून उभी राहिली की समोरच्या संघाच्या मुली आधीच खचायच्या. वर्तमानपत्रात तिचा फोटो छापून आला. उपांत्य सामना तिने जवळजवळ एकटीने जिंकून दिला. अंतिम सामन्याआधी एक दिवस विश्रांतीचा होता.

त्या विश्रांतीच्या दिवशी सकाळी संघाच्या मॅडम धापा टाकत ठाण्यात आल्या. मुलगी वसतिगृहात नव्हती. खोलीतल्या मैत्रिणींनी सांगितले की उजाडताना तिचा मामा फाटकाशी आला होता. आत ये म्हटले तर आला नाही, पाणी दिले तर घेतले नाही. "माय बिमार हाये, चाल," एवढेच बोलला. मुलगी खेळायच्या बुटांवरच त्याच्यामागे गेली. मॅडम रडकुंडीला आल्या होत्या. "साहेब, आईचं आजारपण असतं तर तिने मला सांगितलं असतं. ती घाबरलेली होती, असं मुली म्हणतात."

मिसिंगची नोंद घेतली. मुलगी हरवली की ठाण्यात दोनच तर्क चालतात, एक तर प्रेमप्रकरण, नाहीतर दुश्मनी. समोरच्या संघाने उचलली असेल इथपर्यंत आमच्या लोकांची मजल गेली. मी हवालदाराला बसस्टँडवर पाठवले, कारण माणूस का निघून गेला ते लगेच कळत नाही, पण कुठल्या बसने गेला ते कळते.

दुपार होण्याआधी तो एका कंडक्टरला घेऊन आला. पहिल्या गाडीने ती दोघे गेली होती. कंडक्टर बोलायला कचरत होता. मी चहा सांगितला, तेव्हा म्हणाला, "साहेब, फाट्यावर चार-पाच माणसं उभी होती. पोट्टीले कोणी हात नाई लावला. तिच्यापासून दूर दूर चालत होते. उन्हं कोवळी होती, सावली लांब पडत होती तिची. तिच्या सावलीत बी कोणी पाय नाई ठेवला." चहाचा घोट घेऊन त्याने पुढे सांगितले, "आन आज त्या गावचं एक बी मानूस गाडीत नाई बसलं. बाजाराचा दिवस असून."

गोंडपिपरी ठाण्याला बिनतारी संदेश दिला आणि हवालदार व दोन शिपाई घेऊन मी जीप काढली.

फाट्यावर मोहाच्या झाडाखाली एक माणूस गावाकडे पाठ करून बसला होता. विचारले तर तोच मामा निघाला. गावात कोणाला येऊ द्यायचे नाही म्हणून त्याला तिथे बसवले होते. मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो. चौकशीत माझा एक नियम होता, जो माणूस आधीच घाबरलेला आहे त्याच्यावर ओरडायचे नाही, कारण आपण ओरडून जेवढे घाबरवणार त्याहून तो जास्त घाबरलेला असतो.

"भाऊ, भाची कुठे आहे?"

त्याने एकदा गावाकडे वळून पाहिले. मग एकदम बोलू लागला. "मी माह्या बहिणीचं वाईट काऊन करीन, साहेब? पोट्टीले नसतं आनलं तं बहिणीले तेव्हाच नदीवर नेत होते."

त्याने सांगितले ते असे. गावात लहान मुलांना ताप येत होता, हुडहुडी भरून शुद्ध जायची. स्पर्धा सुरू झाली त्याच सुमारास एक मूल गेले. आमचा संघ पुढचा सामना जिंकला, त्या दिवशी दुसरे गेले. उपांत्य सामन्याच्या दिवशी तिसरे बेशुद्ध पडले. तिचा फोटो असलेला पेपर गावात पोहोचलेला होताच. कोणीतरी बोलले, "इकडं चेंडू टाकते, तिकडं पोट्टं पडते." मग सगळ्यांना आठवू लागले की ढिवरीण ती केवढीशी, आणि तिच्या पोटी एवढी उंच पोर कशी? गावच्या पुजाऱ्याने मुलांची मापे घेतली. सगळी मुले मापात कमी भरली. गावातल्या पोरांची वाढ आई ओढून घेते आणि आपल्या मुलीला देते, असे ठरले.

"आता काय करणार आहेत?" मी विचारले.

"दिवस बुडेपर्यंत पोट्टा उठला तं ठीक. नाई तं मायले कबूल करा लावतील."  त्या मुलखात कबूल करायला लावणे म्हणजे मरेस्तोवर मारणे, हे मला सांगायची गरज नव्हती. जादूटोण्याविरुद्धचा कायदा तेव्हा झालेला नव्हता. डांबून ठेवणे आणि धमकावणे एवढीच कलमे हातात होती, आणि सूर्य कलायला लागला होता.

गावाच्या वेशीवर रस्त्याच्या आडवी कडुनिंबाच्या पाल्याची दोरी बांधलेली होती. गाव बांधले होते, म्हणजे आतले बाहेर जाणार नाही आणि बाहेरचे आत येणार नाही. मी जीप तिथेच ठेवली आणि आम्ही दोरीखालून वाकून आत गेलो. एकाही घरातून धूर निघत नव्हता. बैल गोठ्यात बांधलेले, मासे धरायची जाळी अंगणात ओलीच ढिगाने पडलेली. आणि प्रत्येक दाराच्या चौकटीवर पिवळे दोर टांगले होते. घरात जेवढी मुले तेवढे दोर. कोणता गुडघ्याएवढा, कोणता कमरेएवढा. वारा आला की ते हलायचे. एका दारावरचा दोर वीत-दोन वीत लांबीचा होता. 

सगळे गाव देवीच्या सभामंडपात बसले होते. कोणी बोलत नव्हते. कडेवरची मुलेसुद्धा रडत नव्हती. मधोमध ती मुलगी गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून बसली होती. ती कोणापेक्षा उंच दिसू नये म्हणून तिला तसे बसवले होते. बाजूला तिची आई, केस मोकळे सोडलेले. समोर घोंगडीवर तिसरे मूल, डोळे अर्धे उघडे. त्याची आई त्याचे तळवे चोळत होती.

गोंडपिपरीची कुमक अजून आली नव्हती, आमच्याकडे दोन काठ्या आणि एक पिस्तूल होते. तिथे हात उगारला असता तर आधी आई मेली असती. मी टोपी काढली, पायताण काढले आणि पुजाऱ्यासमोर बसलो. मला वाटले होते कोणीतरी लबाड भोंदू भेटेल. तो थकलेला म्हातारा निघाला. पहिले गेलेले मूल त्याचा नातू होता.

"बाबा, माप कसं घेता ते मला दाखवा," मी म्हणालो.

त्याने सांगितले. कोरा, पीळ दिलेला सुताचा दोर डोक्यापासून टाचेपर्यंत धरायचा आणि तोडायचा. देवीपुढच्या हळदीच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. काढून पुन्हा मुलाला लावायचा. दोर कमी भरला, तर वाढ कोणीतरी नेली. आजवर फक्त एखाद्या आजारी मुलाचे माप घेत. या वेळी साऱ्या गावाची मुले मोजली.

"माझं घ्या."

त्याने माझे माप घेतले. दोर पाण्यात ठेवला. आम्ही वाट पाहत बसलो आणि मी मावळतीकडे बघायचे टाळत होतो. दोर काढून त्याने माझ्या डोक्याला लावला तेव्हा तो टाचेच्या चार बोटे वर राहिला. मला वाटले, झाले काम, वाढ कधीच थांबलेल्या माणसाचाही दोर कमी भरतो हे सगळ्यांनी पाहिले. तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, "साहेबाले बी करणी लागली व माय!" आणि सगळी गर्दी माझ्यापासून, त्या मायलेकींपासून मागे सरकली. एकाने कुऱ्हाड उचलली. इतक्या वर्षांच्या नोकरीत आपला पुरावा आपल्याच अंगावर उलटलेला मी तेवढा एकदा पाहिला.

मी उठलो आणि मंडपाच्या सागवानी खांबाला हात लावला. "आता याचं माप घ्या."

पुजारी माझ्याकडे बघत राहिला. पण उठला. खांबाला दोर लावला, तोडला, बुडवला. या वेळी कोणी जागचे हलले नाही. दोर काढला, लावला. खांबही कमी भरला.

"बाबा, खांबाची वाढ कोण नेणार?"

 मग भिंतीला टेकून बसलेला एक म्हातारा ढिवर हळूच म्हणाला, "सुताचं जाळं बी पाण्यात असंच आखडे. आता नायलॉनची आली." नदीवर जन्म काढलेल्या त्या माणसांना ओले सूत आखडते हे ठाऊक नव्हते असे नाही. पण जाळ्याची गोष्ट जाळ्यापाशी राहिली होती आणि देवीपुढच्या दोराला ती लावायचे कोणाच्या मनातच आले नव्हते.

पुजाऱ्याने तो ओला दोर दोन्ही हातांत धरला होता. "मंग माहा नातू कायनं गेला, साहेब?" त्याने विचारले. नातू तापाने फणफणत असताना तो दोर भिजण्याची वाट बघत बसला होता. ते त्याला त्या क्षणी कळले आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

कुऱ्हाड उचलणाऱ्याने ती खाली ठेवली. आम्ही मूल उचलले. त्याची आई जीपमध्ये बसली, पण मुलीच्या शेजारी बसेना. मुलगी मागे शिपायांजवळ जाऊन वाकून बसली. तिच्या आईलाही बरोबर घेतले. चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बघताक्षणी मेंदूचा मलेरिया सांगितला आणि क्विनाईन सुरू केले. "उद्या संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना होता. मैदान खच्चून भरले होते. मी दोरीशी उभा होतो. पूर्वार्धात ती नेहमीसारखी खेळली आणि आम्ही बरेच पुढे होतो. उत्तरार्धात काहीतरी बदलले. चेंडू हातात यायचा, समोर मोकळी रिंग असायची आणि ती चेंडू दुसरीकडे द्यायची. मॅडम ओरडून ओरडून थकल्या. शेवटी तर ती रिंगच्या थेट खाली होती. तिने हात वर केला असता तरी पुरे होते. ती चेंडू छातीशी धरून उभी राहिली. एवढ्या गर्दीतला गलका अचानक थांबला. शिट्टी झाली आणि आम्ही एका गुणाने हरलो.

त्याच संध्याकाळी मुलाने डोळे उघडले आणि पाणी मागितले.

दवाखान्याचा कागद गावात पोहोचण्याआधी बातमी पोहोचली. पोट्टी हरली आन पोट्टा उठला. मामा नारळ घेऊन आला. ज्यांनी त्याच्या बहिणीला नदीवर न्यायचे ठरवले होते, तेच तिला मानाने घेऊन जायला आले. माझा दोर, माझा खांब, डॉक्टरांचे क्विनाईन, सगळे एका गुणाने वाहून गेले. मला संताप आला होता. आईने कोणाविरुद्धही तक्रार दिली नाही. "मुलगी मिळून आली" असा शेरा मारून कागद बंद झाले.

मुलगी जबाबाला ठाण्यात आली तेव्हा मी तिला विचारले, "पोरी, एवढं डोळ्यांनी बघूनही तुझा त्या गोष्टीवर विश्वास बसला?"

तिने माझ्याकडे सरळ बघितले. "नाई साहेब. पोट्टा सुईनं बरा झाला, मले माहीत हाये. डॉक्टरनं मले बी सांगितलं होतं, वाचंल का नाई सांगता येत नाई म्हणून." मग तिने आपल्या हाताच्या बोटांकडे पाहिले. "आमी जिंकलो असतो आन तो गेला असता, तं? तुमी माह्या मायजवळ किती दिवस बसले असते?"

 मला तिचा अभिमान वाटला आणि लाजही वाटली, आणि पुढे कित्येक दिवस मी तो सामना मनात पुन्हा पुन्हा पाहत होतो. त्यानंतर कुठल्याही गावात गुन्हा उघडकीस आला की मी वरिष्ठांना कळवण्याआधी एक गोष्ट करायचो. आम्ही निघून गेल्यावर त्या गावात कोण मागे राहणार आहे, आणि ते उद्या पाणी भरायला कोणाबरोबर जाणार आहे, हे विचारून घ्यायचो.