शेवंताबाईंनी वाचलेली बारीक बातमी

सर्वांस नमस्कार.

आज दुपारी माझ्याच घरात माझी फसवणूक उघडकीस आली. ती आपणांसमोर मांडतो.

मी चौथी उत्तीर्ण आहे. घाटकोपरच्या आमच्या चाळीतील काही स्त्रियांना मी वर्तमानपत्रावरून वाचन शिकवतो. आधी मोठे मथळे, मग बारीक अक्षरे, असा माझा क्रम. शेवंताबाई मथळ्यातच अडखळत. मी कधी रागावलो नाही.

आज कोपऱ्यातील एक बारीक बातमी मला चष्म्यातूनही वाचता येईना. शेवंताबाईंनी मान पुढे केली आणि एका दमात वाचले, "उद्या सकाळपासून पाणीपुरवठा बंद." लगेच ओरडल्या, "अगं, पिंपं भरा गं!"

मग त्यांनी जीभ चावली.

"आपण शिकलेल्या आहात?" मी विचारले.

"सातवी झालेय, काका. तुमची सूनच म्हणाली, काकी गेल्यापासून काका कोणाशी बोलत नाहीत, जरा वाचायला जाऊन बसा."

त्यांच्या शेजारी बसलेली बाई घाईने म्हणाली, "मला खरंच येत नाही हां, काका!"

सुनेशी मी दुपारपासून बोललेलो नाही. तिने पिंप मात्र काठोकाठ भरून ठेवले आहे.

उद्या तीन वाजता शेवंताबाई पुन्हा येतील. सातवी झालेल्या बाईस चौथीच्या माणसाने दार उघडावे काय?