मुंग्यांचा उकिरडा

अर्गिरो पोस्टातून निवृत्त झाली आणि डोंगराच्या मागं लागली. ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या कड्यांवरून रानफुलांचं बी गोळा करायचं, सुकवायचं आणि हानिया शहरातल्या बियाणे-बँकेत द्यायचं. तिथं ते गोठवून ठेवतात, उद्या डोंगर उजाड झाला तर पुन्हा पेरायला. घरचा अर्धा फ्रिज तिच्या बरण्यांनी भरलेला. नवऱ्यानं एकदा तीळ समजून त्यातलं बी पावावर भुरभुरलं. तेव्हापासून बिचारा दही घ्यायलाही परवानगी मागतो.

बाई मात्र हाताची भारी चिकट. वरच्या कातळाच्या भेगांत रानव्हायोलेटची सातच रोपं उरली होती. बाकीची तिच्या मावसभावाच्या, मानुसोसच्या, शेळ्यांनी फस्त केलेली. बोंड तडकलं की बी उडून जातं, म्हणून आधीच पिशवी बांधावी लागते. बँकेनं कोऱ्या मलमलीच्या पिशव्या दिल्या होत्या. पण नवं काही वापरेल तर ती अर्गिरो कसली! पुतणीच्या बाप्तिस्म्याला ज्या जाळीत साखरेचे बदाम बांधून वाटले, तिचे उरलेले तुकडे तिनं रविवारी बोंडांना बांधले.

गुरुवारी सकाळी वर जाऊन पाहते, तर बोंडं तडकलेली आणि जाळ्या रिकाम्या! जाळीला चिकटलेल्या साखरेनं मुंग्यांना आवतण दिलं होतं. साखरेबरोबर बीही गेलं.

तिनं एकेक जाळी उलटी करून झटकली, एक दाणा पडला नाही. त्यातच खालून घंटा ऐकू आल्या. मानुसोस आज कळप वरच्या कुरणात नेत होता, आणि वाट याच कातळावरून. आता रोपंही राहणार नव्हती.

मग तिला एक आठवलं. या बीच्या टोकाला पांढरा मऊ गर असतो. मुंग्या तेवढाच खातात आणि टणक बी बिळाबाहेर टाकून देतात. मुंग्यांच्या रांगेमागोमाग ती गुडघ्यांवर सरकत गेली. बिळाशी भुशाचा ढिगारा होता. पिशवीतून चहाची गाळणी काढून ती तो चाळू लागली. एक तपकिरी दाणा. दोन.

घंटा अगदी जवळ आल्या.

"ताई, काय हरवलं? सोन्याचा दात?"

"मानुसोस, शेळ्या थांबव!"

"तीनशे आहेत, तहानलेल्या. त्या काय तुझ्या पोस्टाच्या रांगेत उभ्या राहणारेत?"

"एक जरी इथं आली ना, तर मावशीला सांगेन, ईस्टरला मामाचं कोकरू कुणी पळवलं ते!"

मानुसोसचं हसू मावळलं. काठी आडवी धरून तो वाटेत उभा राहिला. "उरक लवकर. फार वेळ नाही थोपवता येणार."

मागच्या शेळ्या पुढच्यांना रेटू लागल्या. एका शेळीच्या खुरानं उडालेला दगड बिळापाशी येऊन पडला. अर्गिरोनं मान वर केली नाही. अडतीस दाणे झाले. पण आत मगज आहे की नुसती टरफलं? कापल्याशिवाय कळणार नव्हतं आणि चाकू तिनं आणला नव्हता.

"आण इकडं." एका हातानं काठी सांभाळत मानुसोसनं चाकू काढला आणि दगडावर एक दाणा चिरला.

आत पांढराशुभ्र, भरलेला मगज.

"अजून एक बघू?"

"हात तर लाव!"

तिनं खिशातून चार दिवस जपलेली कोरी मलमलीची पिशवी काढली, सदतीस दाणे आत टाकले आणि बाजूच्या खडकावर चढली. मानुसोसची काठी खाली आली. शेळ्या कातळावरून, बिळावरून, सातही रोपांवरून लोटल्या.

अर्गिरोनं तिकडं पाहिलं नाही. दोन्ही मुठींत तिनं पिशवीचं तोंड आवळून धरलं होतं.