आई हितनंच उठंल

"तुमचं घर वर हाय म्हणता न्हवं? मग म्हातारीला वरच न्या. हितं जागा कशाला?"

तात्या खुर्चीतनं न उठता बोलले. बसलेली माणसं हसली. माझी आई घरी अंगणात चादरीखाली, अन् मी तिला पुरायची परवानगी मागायला तात्यांच्या बंगल्याच्या पायऱ्यांखाली, चपला हातात घेऊन.

लासुर्ण्याच्या अलीकडं आमचं गाव. ख्रिस्ती घरं चारच. आमची माणसं कालव्याकडच्या गायरानात पुरतात. बापही तिथंच आहे. तात्यांचा ऊस दर साली थोडा सरकत आता कबरींना टेकलेला.

त्याच उसात आईनं जन्मभर खुरपलं. मग अंथरुणाला खिळली. तरी सकाळी गीत म्हणायचीच. मी चिडायचे. "देवानं काय दिलं गं तुला?"

"वरचं घर पक्कं हाय," ती म्हणायची. "तितं मला कुणी 'ए' म्हणून हाक मारणार न्हाय."

जिला देव नाव घेऊन बोलावणार, तिच्यासाठी मी इथं अनवाणी? तिथंच, तात्यांसमोर, चपला घातल्या.

"ए! चपला!" कुणीतरी ओरडलं.

मी वळून पाहिलं नाही.

घरी भाऊ टेम्पो ठरवत होता. बारामतीला नेऊन पुरू म्हणाला. चर्चचे पाळक म्हणाले, "ताई, सहन करा. स्वर्गात मोल मिळेल."

"पाळकसाहेब, मेलेले उठणार, हे तुमीच शिकवलं. मग आई आपल्या माणसांतनं उठंल. हितनंच उठंल."

कुदळ घेतली. गायरानात बापाच्या कबरीशेजारी पहिला घाव मी घातला. बाईनं. भाऊ बघत राहिला, मग त्यानं फावडं उचललं.

तात्यांची माणसं मोटरसायकलवर आली. "परवानगी कुणाची?"

मी खणत राहिले. पाळकांनी पवित्र शास्त्र उघडून वाचायला घेतलं. आवाज कापत होता, पण थांबले नाहीत. ती माणसं मोबाईलवर शूटिंग करून गेली. आम्ही पेटी खाली सोडली आणि आईचं गीत म्हटलं. मोठ्यानं, गावाला ऐकू जाईल असं.

दुसऱ्या दिवसापासून गावात आम्हाला काम बंद. मी इंदापूरला डाळिंबं निवडायला जाते. कबरींची जागा मोजून द्या म्हणून तहसीलला अर्ज केलाय. साहेब म्हणतात, "बघू."

बघा.

वर काय द्यायचं ते देव देईल, माझा भरवसा आहे. इथलं मी सोडणार नाही. आमच्यातलं पुढचं माणूस जाईल तेव्हा कुणी विचारायला जायचं नाही. सरळ खणायला घ्यायचं. ते माणूस मी असले, तरीही.