दुसऱ्या रायफलीतले पाच राउंड

बावीस वर्षं मी फौजेत आर्मरर होतो. सकाळी साडेपाचला कोत उघडायचा, म्हणजे शस्त्रागार. रायफली द्यायच्या, संध्याकाळी परत घ्यायच्या, साफ आहेत का बघायचं. नळीत धूळ दिसली की समोरच्याला मी सोडत नसे, मग तो शिपाई असो की सुभेदार. शेवटच्या डोंगरी पोस्टिंगवर माझ्या कोतातून रायफल घेऊन गेलेला नाईक प्रकाश वानखडे परत आला नाही. तो नांदगाव पेठचा, मी अकोल्याचा. दोघं एका ताटात जेवायचो अन् अमरावती मोठी की अकोला यावर रोज भांडायचो.

रिटायर झालो तेव्हा पोराच्या नोकरीमुळे अमरावतीला, राजापेठला राहायला आलो. वानखडेची बायको सुनंदा नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात काम करते. आमच्या रायफल क्लबात ती आली ती माजी सैनिकांच्या कुटुंबाच्या कोट्यातून. दोन वर्षांत तिनं आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांना मागं टाकलं. हात असा स्थिर, की मला हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू?

क्लबाच्या परवान्यावर काडतुसं परत भरायचं काम माझ्याकडे. सिव्हिलियन लोकांना सांगतो. गोळी सुटली की पितळेचा खोखा, म्हणजे काडतुसाचं कवच, फुगतो आणि त्या रायफलीतल्या काडतुसाच्या जागेचं, चेंबरचं, माप घेतो. त्याचं फक्त तोंड आवळून भरला, तर त्या एकाच रायफलीत मस्त बसतो. दुसरीत अडकू शकतो. पण पूर्ण डायच्या साच्यात घालून अंगभर आवळला, तर तो त्याच जातीच्या कोणत्याही रायफलीत जातो. मेहनत जास्त, खोखा लवकर झिजतो. मी तेच करतो. भरलेलं प्रत्येक काडतूस, आमच्या भाषेत राउंड, क्लबाच्या दोन्ही रायफलींत बसवून बघतो, मगच डब्यात.

यंदा अकोल्याच्या माजी सैनिकांशी शील्डची मॅच होती. सहा वर्षं शील्ड त्यांच्याकडे. मॅचच्या आठ दिवस आधी सुनंदा म्हणाली, "भाऊजी, माहे राउंड नुसतं तोंड आवळून भरा. अकोल्यावाले तसेच भरतात. नेम चांगला लागते म्हणे."

"नाही."

"काहून नाही? माही रायफल एकच आहे ना!"

"बरं, भरतो," मी म्हणालो. अन् भरले माझ्याच पद्धतीनं. तिला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी आठला अकोल्याच्या रेंजवर पोचलो. त्यांचा कॅप्टन सुभेदार देशमुख गेटवरच उभा. "आला का घरभेद्या! अकोल्याचं पाणी प्याला अन् अमरावतीचा झाला!"

"शील्ड पुसून ठेवलं का, साहेब? न्यायचं आहे."

साडेदहाला हिशेब असा होता. आमची शेवटची शूटर सुनंदा. दहा राउंड. जिंकायला ब्याण्णव पाहिजेत. पहिल्या पाचांत तिनं सेहेचाळीस घेतले. सहाव्याला ट्रिगर दाबला आणि नुसता खटका वाजला.

ड्रिलप्रमाणे तीस सेकंद थांबलो. बोल्ट उघडला. राउंडच्या बुडाच्या टोपीवर खूण नाही. तिच्यावर ठोका मारणारी फायरिंग पिन तुटली होती.

देशमुखांनी नियम वाचला. रायफल बदलता येईल, राउंड मात्र स्वतःचेच. वेळ दहा मिनिटं. मी क्लबाची दुसरी रायफल तिच्यापुढे ठेवली. सुनंदाचा चेहरा उतरला.

"भाऊजी, हे याच्यात जातीनच नाही! माह्या रायफलीच्या मापाचे भरले ना तुमी!"

"नाही भरले. खोटं बोललो."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की कोर्टमार्शल परवडलं असतं.

"लोड," मी म्हणालो.

तोच सहावा राउंड तिनं सरकवला. बोल्ट लोण्यातल्या सुरीसारखा बंद झाला. पण त्या रायफलीनं तिनं कधी नेम धरला नव्हता. पहिली गोळी खाली गेली. आठ.

"साइट दोन क्लिक वर. श्वास सोड. घाई नाही."

नऊ.

मग दहा. पुन्हा दहा. शेवटच्या राउंडला ती इतका वेळ थांबली, की देशमुखांनी घड्याळ पाहिलं. गोळी सुटली. बटमधून, म्हणजे टार्गेटखालच्या खड्ड्यातून, आवाज आला, "दस!"

त्र्याण्णव! मी टोपी हवेत फेकली. बावीस वर्षांत कधी फेकली नव्हती. शिस्त गेली उडत! आमची पोरंसोरं, बाया, म्हातारे, सगळे ओरडत सुटले. देशमुखांनी मला मिठी मारली अन् कानात एक अस्सल शिवीही दिली.

सुनंदा मात्र रायफल खाली करून माझ्यासमोर उभी राहिली. "जिंकलो, ते ठीक. पण मले खोटं काहून बोलले?"

मग मला सांगावं लागलं. इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

वानखडे गेला त्या दिवशी पहाटे पाच चाळीसला चौकीवर हल्ला झाला. मी खाली रेडिओजवळ होतो. वानखडेचा आवाज आला, "मेरी रायफल को गोली लगी. बेकार. दूसरी से फायर जारी." शेजारी जखमी पडलेल्या जवानाची रायफल त्यानं उचलली आणि आपल्याच मॅगझिन तिच्यात चढवल्या. फौजेचा राउंड त्याच जातीच्या कोणत्याही रायफलीत जातो, म्हणून चढल्या. सहा वीसपर्यंत तो एकटा फायर देत होता. तेवढ्यात तीन जखमी खाली उतरवले गेले. तिघंही आज जिवंत आहेत. त्याचा आवाज मात्र सहा वीसनंतर आला नाही.

"म्हणून मी एका रायफलीचा राउंड भरत नाही, वहिनी. मले जमतच नाही."

तिनं पदरानं डोळे पुसले अन् माझी पडलेली टोपी उचलून दिली.

बक्षीस द्यायला देशमुख माइकवर आले. शील्डवर विजेत्या टीमच्या सर्वोत्तम शूटरचं नाव कोरतात. कागद पेन घेऊन त्यांनी विचारलं, "सुनंदा वानखडे, एवढंच लिहू ना, ताई?"

"नाही साहेब. पूर्ण लिहा."

सुभेदारांनी लिहिलं, मग ताठ उभं राहून मोठ्यानं वाचलं, "सुनंदा प्रकाश वानखडे, अमरावती."

अकोल्याचे अन् अमरावतीचे सगळे जुने फौजी खुर्च्या सोडून सावधान उभे राहिले.