पाण्यावरचा मुराळी

मृग कोरडा गेलेल्या जूनच्या उन्हात स्वतःचं टक्कल उघडं ठेवून छत्री बॅटरीवर धरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. हसनाबादच्या पुढे असलेल्या एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेवर रुजू व्हायला मी एसटीतून उतरले, तेव्हा फाट्यावर हा गृहस्थ सायकल ढकलत चालला होता. कॅरियरवर जुन्या धोतराने आवळलेली ट्रॅक्टरची बॅटरी, एका हातात हँडल आणि दुसरा हात मागे करून धरलेली छत्री. मी शाळेची वाट विचारली.

“ह्या बॅटरीच्या मागं मागं या, बाई. शाळा गिरणीच्या शेजारीच हाय, आन् हिला चार्ज कराया मी गिरणीतच चाल्लो.”

“पण छत्री तिच्यावर कशाला?”

“माणसाला ऊन लागलं तं माणूस सावलीत जातो. हिला पाय हायेत का?”

हे नामदेवराव. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. त्याच संध्याकाळी त्यांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. बॅटरी कशाची, असं विचारल्यावर ते सहज म्हणाले, “नावेची.” मला वाटलं, शहरातली बाई बघून माझी थट्टा चालली आहे. उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणारा आमचा जालना जिल्हा; इथे नाव, आणि तीही बॅटरीवरची! पण दुसऱ्या दिवशी गावामागे जाऊन पाहिलं, तर खरंच तलाव होता, आणि काठाला जाड पत्र्याची, सपाट बुडाची, निळा रंग दिलेली नाव बांधलेली होती.

नावेच्या मागच्या कडेला एक दांडा शिकंज्याने पक्का केलेला. दांड्याच्या खालच्या टोकाला भोपळ्याएवढा गोळा आणि त्याला दोन पात्यांचा पंखा. वरच्या टोकाला धरायला मूठ. मूठ पिरगाळली की पाण्यातला पंखा फिरे, वळवली की नाव वळे. लाल आणि काळी अशा दोन वायरी बॅटरीला लावल्या की काम झालं. ही मोटर परदेशातून आली होती. जालन्याच्या एका बियाणे कंपनीच्या मालकांनी ती आपल्या शेततळ्यात हौसेने फिरायला मागवली, आणि हौस फिटल्यावर गोदामात टाकून दिली. आप्पा त्या कंपनीसाठी कपाशीचा बीजप्लॉट करायचे. बियाणं घालायला गेले असताना त्यांना पोत्यांच्या मागे हा दांडा दिसला. “मालक, हे काय हाय?” असं विचारून ते तिथेच खाली बसले, आणि मालकांनी “घेऊन जा बाबा” म्हणेपर्यंत उठले नाहीत.

ही सगळी उठाठेव एका माणसासाठी होती. आप्पांची थोरली बहीण गयाबाई, म्हणजे आक्का, तलावाच्या पलीकडच्या वस्तीवर राहायच्या. तलाव होण्याआधी त्यांच्या सासर-माहेरात एक लहानशी नदी आणि दोन-चार बांध एवढंच अंतर होतं. भाकरी तव्यावर टाकून माहेरी निरोप सांगून यावं आणि भाकरी करपू नये, असं आक्का म्हणायच्या. मग नदी अडवली, पाणी चढलं आणि अंतर भलतंच लांबलं. भोकरदनला जाऊन एसटी बदलायची, उतरून पुन्हा चालायचं, आणि आक्कांचे गुडघे कामातून गेलेले. आप्पा तिकडे जाऊन यायचे, पण आक्का काही माहेरी आल्या नव्हत्या. भावाला ते लागून राहिलं होतं.

आधी एकदा प्रयत्न झाला होता. आमच्याकडे पाणी ओलांडायला गुळाची मोठी कढई वापरतात. आप्पांनी बहिणीला तिच्यात बसवलं. कढईला ना पुढचं टोक, ना मागचं. काठापासून जराशी लांब गेली नि जी गरगर फिरायला लागली, ती आक्कांनी देवांची नावं संपवून गावातल्या मेलेल्या माणसांच्या नावानं ओरडायला सुरुवात केली तेव्हाच काठाला लागली. मग आप्पांनी पत्र्याची नाव करून घेतली. पण वल्हं मारलं की ती या कुशीवरून त्या कुशीवर व्हायची. आक्कांनी काठावरूनच हात जोडले. “ज्या दिशी ही गाडीवाणी सरळ चालंल, त्या दिशी मी बसंल.” म्हणून ही मोटर. तिला आवाज नाही, धूर नाही, हिसका नाही. काठावरचा बगळासुद्धा मान वळवून बघायचा नाही.

मात्र तिला वेगही नव्हता. मी मूळची घाईची; शाळेची घंटासुद्धा मला नेहमी उशिरा वाटायची. आप्पांच्या नावेत पहिल्यांदा बसले तेव्हा पोहणाऱ्या म्हशी आमच्या पुढे निघून गेल्या. काठावरून कोणीतरी ओरडलं, “आप्पा, म्हशी जिंकल्या!” आप्पा मूठ तशीच धरून शांतपणे म्हणाले, “त्यायला घाई आसंल. आपल्याला बिलकुल न्हाई. बराबर जाऊ.” हे “बराबर जाऊ” त्यांच्या तोंडी सारखं असे. एसटी चुकली, लाईट गेली, फवारणीच्या दिवशी वारा सुटला, सगळ्याला तेच उत्तर.

घरात या बॅटरीपायी रोज खटके उडत. लोडशेडिंगच्या वेळी टीव्ही चालवायलाही तीच बॅटरी लागायची, आणि लक्ष्मीकाकू म्हणजे आप्पांची बायको रविवारची मालिका कधी सोडत नसे. मालिका संपत आली की आप्पा दारात येऊन उभे राहायचे. काकू टीव्हीवरची नजर न हलवता म्हणायची, “घरात अंधार आन् तलावात करंट! नांदा तुम्ही तिच्यासंगं.” आप्पा म्हणायचे, “तसं न्हाई. मधी पाण्यात ही बंद पडली तं आक्का पुन्हा या जन्मी नावेचं नाव घ्यायची न्हाई.” मग काकू स्वतःच उठून टीव्हीचे चिमटे काढून द्यायची. नणंदेवर तिचाही जीव होता, फक्त तो दाखवायचा नाही असं तिने ठरवलेलं होतं.

मोटर आली तरी आक्का लगेच बसल्या असं मुळीच नाही. नाव हलत नाही हे सिद्ध करायला आप्पांनी एक तांब्या काठोकाठ पाण्याने भरला, फळीवर ठेवला आणि तलाव ओलांडून पलीकडे गेले. मीही सोबत होते. तांब्यातला एक थेंब सांडला नव्हता. आक्का काठावर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. उंच, सडसडीत, कपाळावर ठसठशीत गोंदण. त्यांनी तांब्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, “सांडलं आन् तू तलावातून पुन्हा भरून घेतलं आसंल तं?”

इतका बिनतोड मुद्दा आप्पांच्या लक्षात कसा आला नाही, याचंच त्यांना वाईट वाटलं. पुढच्या वेळी त्यांनी तांब्या दुधाने भरून नेला. “आता बोल. दूध तं तलावात न्हाई ना?” आक्कांनी तांब्या उचलला, वास घेतला, घरात नेऊन त्या दुधाचा चहा केला, आम्हाला पाजला आणि म्हणाल्या, “दूध गुणाचं हाय. पण मी न्हाई बसत.”

परतताना आप्पा खूश. “चहात साखर जास्त घाल्ती. मन पाघळून राह्यलं तिचं.” मला तसं काही दिसलं नव्हतं; पण भाऊ मी नव्हते, ते होते.

दसऱ्याला त्यांनी शेवटचा डाव टाकला. सकाळी धुतलेलं धोतर, टोपी आणि वर चक्क फेटा बांधून ते माझ्या दारात आले. “बाई, चला. मुराळी म्हणून जायचं हाय. तुम्ही नावेत बसेल दिसल्या तं ती बसंल.” पासष्टीचा भाऊ सत्तरीच्या बहिणीला माहेरी आणायला मुराळी होऊन निघाला होता, आणि असा नटला होता की जणू ती काल-परवा सासरी गेलेली नवी नवरी. मला हसूही आलं आणि का कोण जाणे, डोळेही भरून आले.

पलीकडच्या काठाला आक्का तयार होत्या! हिरवं लुगडं, हातात गाठोडं. आप्पा नावेतच उठून उभे राहिले, तेव्हा मात्र ती चांगलीच हलली. पण आक्कांनी अट घातली. दसऱ्याच्या दिवशी पूजेशिवाय यंत्र चालवायचं नाही. काकूने पहाटेच मोटरीला हळदकुंकू वाहिलं होतं. पण ती पूजा त्या घरची, ही या घरची. आक्कांनी मोटरीला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि लिंबू चाकाखाली ठेवायला म्हणून वाकल्या तो चाकच नाही. जरा विचार करून त्यांनी लिंबू नावेच्या पुढच्या टोकाखाली चिखलात दाबलं. मग शेतातल्या झेंडूचा वीतभर जाड हार आणला आणि मोटरीच्या दांड्याला पार खालपर्यंत गुंडाळला. आप्पांचा चेहरा उतरला. पाण्यातलं साधं गवत पंख्यात अडकलं तरी मोटर थांबते, हे त्यांना ठाऊक होतं. पण काढ म्हणावं कसं? आज घातलेला पूजेचा हार आजच काढायचा नसतो, आणि काढला असता तर आक्का घरात परत गेल्या असत्या. त्यांनी हळूच हार वर सरकवून मुठीजवळ खोचला आणि म्हणाले, “बराबर जाऊ.”

आक्का नावेच्या मध्यभागी, गावाकडे तोंड करून बसल्या; मी त्यांच्या समोर, म्हणजे माझं तोंड आप्पांकडे. आक्कांच्या दोन्ही मुठी फळीवर आवळलेल्या आणि डोळे गच्च मिटलेले. नाव निघाली. काही वेळाने त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

बरोबर मध्यावर आल्यावर खोचलेला हार घसरला, पंख्यात गेला आणि नाव हळूच थांबली. आप्पांनी मूठ बंद केली. त्यांचा चेहरा असा झाला की मला पाहवेना. आता आक्का ओरडणार, आणि एवढ्या दिवसांची खटपट इथेच बुडणार.

आक्का ओरडल्या नाहीत. त्या वाकून पाण्यात बघत होत्या. “नाम्या,” त्या म्हणाल्या, “इथंच नदी उतरायची वाट होती ना रे?”

पांढऱ्या मिशांच्या माणसाला नाम्या म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आप्पा म्हणाले, “इथंच. ह्याच अंगाला.”

“तू पहिल्यानं मला न्यायाला आल्ता, ध्यानात हाय का? एवढुसा होता. मुराळी म्हणून बापानं धाडेल. फेटा सारखा डोळ्यावर यायचा तुझ्या. आन् नदीला पाणी आल्तं, तं तू रडाया लागला. मंग मीच तुला कडेवर घेऊन ह्या वाटेनं नेलं.” त्या हसल्या. “पूर्ण वाट माझ्या खांद्यावर शेंबूड पुसला.”

त्या बोलत असताना आप्पांनी पाण्यात हात घातला, दोन-तीन झटके दिले आणि पिळवटलेला हार बाहेर काढून फेट्याच्या शेमल्याखाली, मांडीजवळ लपवला. पंखा मोकळा झाला होता. मी ते पाहिलं आणि “चला” म्हणायला तोंड उघडलं. घरी पुरणपोळ्या गार होत होत्या. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी हळू मान हलवली आणि मोठ्याने म्हणाले, “मोटर गरम झाली, आक्का. थंड होऊ द्यावी लागंल. येळ लागंल जरा.”

“लागू दे. मला कुठं जायाचंय?” आक्का म्हणाल्या.

आणि मग ती थंडगार मोटर आणखी थंड होईपर्यंत, म्हणजे उन्हं डोक्यावर येईपर्यंत, आम्ही पाण्याच्या मधोमध बसून राहिलो. आईने कोणत्या बांधावर बोरी लावल्या होत्या, बाप गेल्यावर घरात काय काय झालं, आक्कांना तेव्हा निरोप उशिरा कसा मिळाला, हे सगळं त्या बोलत होत्या. आप्पा मध्ये मध्ये “हूं” म्हणत होते. भावाच्या भेटी होत होत्या, पण दारात चहा घेऊन निघण्याच्या. असं निवांत बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. माझ्या घाईच्या स्वभावाने आयुष्यात गप्प बसून काही मिळवलं असेल, तर ती सकाळ.

घरी काकूने आम्हा तिघांनाही फैलावर घेतलं, आणि मग नणंदेच्या गळ्यात पडून रडली.

त्या दिवसानंतर आक्कांची भीतीच गेली. आधी सणाला, मग आठवड्याला, मग लोणच्याच्या फोडी बघायलासुद्धा त्या यायला लागल्या. एक दिवस म्हणाल्या, “नाम्या, तुला सरळ नेता येत न्हाई. सर तिकडं,” आणि मूठ आपल्या हातात घेतली. आप्पा पुढे जाऊन बसले आणि दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून ठेवल्या. नाव त्यांची, मोटर त्यांची. घाबरायची पाळीही आता त्यांचीच.

पुढे माझी बदली आष्टीकडे झाली. आप्पा गेल्याचा निरोप आला तेव्हा कापूस वेचणी संपत आली होती. सकाळी उठलेच नाहीत, एवढंच झालं. मी पोहोचले तर घरासमोर माणसं जमली होती आणि आक्कांना निरोप गेला होता, त्यांना आणायला रस्त्याने जीप पाठवायची तयारी चालली होती. एवढ्यात कोणीतरी तलावाकडे बोट दाखवलं. नाव आदल्या दिवसापासून आक्कांकडेच होती.

निळी नाव अगदी सरळ रेषेत येत होती. आक्का एकट्याच. पाठ ताठ, पदर कमरेला खोचलेला, हात मुठीवर. मी धावत काठावर गेले, दोर धरला, हात पुढे केला. त्यांनी आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या, मग माझा हात धरला. डोळे लाल होते, पण कोरडे.

“उशीर झाला, मास्तरीणबाई. मधी, नदीच्या त्या वाटेवर, मोटर बंद करून बसल्ते,” त्या म्हणाल्या. “रडायचं व्हतं ते तिथंच त्याच्यापाशी रडून घेतलं. आता चला. लक्ष्मीनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नसंल.”