दयाळाची शीळ

मामा पिंजरे बनवायचे आणि त्यांत घालायला दयाळही स्वतःच धरायचे. काळापांढरा, शेपटी ताठ करून पहाटे गाणारा हा पक्षी. दुसऱ्या नराची शीळ कानावर पडली की भांडायला धावत येतो. मामा तीच शीळ हुबेहूब घालत. पुढचा दात पडल्यापासून शेवटी तेवढा ‘फस्स’ वारा सुटे. पाखरं तरीही येत.

कुणी टोकलंच तर मामा जावयाला पुढे करत. जावई प्राणिसंग्रहालयात कामाला. त्यानेच सांगितलं होतं, की जगभरच्या पक्ष्यांच्या यादीत दयाळ ‘चिंता नाही’ या वर्गात बसतो. मामी म्हणाल्या, ह्यांनाही बसवा त्यात, मी सुटेन.

मग हळूहळू आमच्याकडे दयाळ ऐकू येईनासा झाला. मामांनी घरी पिंजऱ्यात ठेवलेला म्हातारा नरही गप्प झाला. खायचा, प्यायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. जावई म्हणाला, अहो, जगात भरपूर आहेत. मामी म्हणाल्या, जगाचं राहू दे, गल्लीतला एक दाखवा. ते मामांना लागलं. एक जरी मोकळा नर समोर गायला, तर आपला पुन्हा गाईल, या आशेवर मामा-मामी त्याचा पिंजरा घेऊन पहाटे हॉस्पिटलमागच्या झाडीत गेले.

मामांनी शीळ घातली. झाडीतून उत्तर आलं. मामा हरखले. पुन्हा शीळ, पुन्हा उत्तर.

मामी कुजबुजल्या, “अहो, तुमचा दात झाडावर कधी जाऊन बसला?”

उत्तराच्या शेवटी ‘फस्स’ होतं.

वर फांदीवर एक कोवळा नर होता. एकटाच.

“पिल्लू बापाचं ऐकून शिकतं,” मामा म्हणाले. “ह्याच्या बापाला तर मी...”

त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं.

“जा बाबा. शिकव त्याला. खरं गाणं तुझ्याकडेच आहे आता.”

म्हातारा नर उंबऱ्याशी आला. मान तिरकी करून त्याने वर पाहिलं, शेपटी ताठ केली, आणि इतक्या दिवसांनी गळा उघडला. शेवटी ‘फस्स’ केलं.

वरून तस्संच उत्तर आलं.

मामींनी मामांचा दंड धरून त्यांना घराकडे ओढलं. मामांनी ओठ गच्च मिटले होते. मागे दोन्हीकडून त्यांचीच शीळ चालू होती.