शून्य आणि मोकळी चौकट

डबा उघडून मी टेबलावर मधोमध ठेवला. आईनं पहाटे उठून केलेली घावनं. सरांनी आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "आज माझा उपास आहे." मग एकेकाचा उपास निघाला. माझ्याबरोबर कोड लिहिणाऱ्या निखिलचाही. त्याच्या हातात चहात बुडवलेली खारी होती.

कुंभिवलीला हायवेलगतच्या आमच्या ऑफिसात रीतच होती. ज्याच्या कोडमधली चूक गिऱ्हाइकापर्यंत जाईल, त्यानं घरून सगळ्यांसाठी खायला आणायचं. चूक माझीच होती. कर्जतच्या एका फार्महाउसचं बुकिंग. 'मुलं किती' या चौकटीत कुणी शून्य भरलं तरी साइट म्हणायची, संख्या भरा. कारण तुलना करताना मी 'बरोबर'ची (=) दोनच चिन्हं दिली होती. तेवढ्यावर जावास्क्रिप्ट शून्य हा आकडा आणि मोकळी चौकट एकच धरते. तीन दिली की दोन्ही वेगळी. ज्यांना मूल नाही त्यांना मी दारातच उभं केलं होतं. वाईट वाटलं मला.

पण सर त्यावर बोललेच नाहीत. म्हणाले, "कोट्यातून आलं की असंच होणार." मी मान खाली घातली. त्या मानेचा मला आजही राग येतो.

घरी आईनं डबा उचलला. वजनावरूनच कळलं तिला.

"कुणी नाय खाल्लं गं?"

"उपास होता सगळ्यांचा."

"समद्यांचा?" एवढंच म्हणाली.

पुढे निखिलच्या कोडात तीच चूक निघाली. तीच दोन चिन्हं. सर हसले. "होतं रे." दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचे लाडू आले. डबा माझ्यापर्यंत आला तेव्हा सगळ्यांची तोंडं चालू होती.

मी झाकण लावलं.

"सर, चूक तीच. मग त्याची नुसती चूक आणि माझी जातीची, हे कसं?"

"तू फार मनाला लावून घेतेस."

"घेतलंय. आमची घावनं तशीच परत नेली मी. आमचा डबा चालत नाय, तं मलाबी हितला घास चालत नाय."

ऑफिसात मी एरवी जपून, 'हाय-नाय' टाळून 'आहे-नाही' असं बोलायचे. त्या दिवशी घरची बोली तोंडात आली आणि मी ती गिळली नाही. डबा तसाच पुढे सरकवला.

नोकरी आहे अजून. कुणाच्याही कोडात दोन चिन्हं दिसली की मी परत पाठवते, सरांचं असलं तरी. माझीही चूक पुन्हा निघेल कधीतरी. निघाली की घावनंच नेणार आहे. आणि उपास कुणाकुणाचा आहे, ते एकेकाचं नाव घेऊन विचारणार आहे.